तेहतीसचा हिरवा आकडा

खटपट्याला कुणी हुशार म्हटलं की तो लगेच खाली वाकून पडलेला स्क्रू शोधायला लागतो. स्क्रू काही पडलेला नसतो, पण मान खाली घालायला निमित्त तर हवं. गिऱ्हाइकं बाहेर जाऊन सांगतात, काय गुणी माणूस आहे, कौतुकसुद्धा सोसत नाही बिचाऱ्याला. कौतुक सोसत नाही हे अगदी खरं. का सोसत नाही, ते मात्र बावीस वर्षं त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.

त्याचं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. दहा बाय आठची खोली, समोर काचेचा काउंटर, मागे फळीवर पोट उघडून ठेवलेले डबे, एका कोपऱ्यात सोल्डरिंगचा धूर आणि दुसऱ्या कोपऱ्यात धूळ उडवायचा ब्लोअर. खरं नाव पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. सात वर्षांचा असताना त्यानं भिंतीवरचं घड्याळ उघडलं आणि घरभर चाकं पसरून ठेवली, तेव्हापासून तो खटपट्या. ती चाकं परत बसवली ताईनं. ताई तेव्हा बारा वर्षांची. दुपारभर मांडी घालून बसली, कुठलं चाक कुठे जातं ते शोधून काढलं आणि संध्याकाळी घड्याळ चालू. वडील म्हणाले, "एकीच्याच डोक्यात दोघांची अक्कल गेली, आता काय करणार." गमतीत म्हणाले हो. पण असली गंमत ज्याच्यावर होते त्याला ती जन्मभर पुरते.

पुढे ताई शाळेत गणित शिकवायला लागली. हा तीनदा नापास होऊन स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसला. बरं, ताईनं कधी टेंभा मिरवला असता तर रागवायला तरी जागा होती. तिनं उलट त्याला कायम पाठीशी घातलं, त्याचे गृहपाठ केले, दुकानासाठी जागा शोधताना त्याच्याबरोबर उन्हातान्हात पायपीट केली. अशा बहिणीवर जळायचं म्हणजे स्वतःचीच लाज वाटत राहते. खटपट्या जळायचा आणि लाजायचा, दोन्ही एकदम.

बुद्धिबळही त्याला ताईनंच शिकवलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी पट मांडले जायचे, तिथे दोघं जायची. मग दुकानात कॉम्प्युटर यायला लागले. ताई एक जाडजूड पुस्तक आणून आठ महिन्यांत प्रोग्रॅम लिहायला शिकली, खटपट्या दुसऱ्यांचे प्रोग्रॅम मोडून मोडून शिकला, आणि दोघांनी बुद्धिबळ खेळणारा एकेक प्रोग्रॅम लिहायला घेतला. नावं दोन्हींची ताईनंच ठेवली. तिचा तो 'विचारी', ह्याचा तो 'धांदल'.

'धांदल'चं डोकं साधं. आपण ही खेळी केली तर समोरचा काय करील, मग आपण काय, मग तो काय, असं जमेल तेवढं पुढे बघत सुटायचं आणि शेवटी नुसत्या सोंगट्या मोजायच्या. सेकंदाला जितक्या जास्त शक्यता तपासून होतील तितकं बरं. 'विचारी'चं तसं नव्हतं. तो थोड्याच शक्यता बघायचा, पण प्रत्येक ठिकाणी थांबून पट निरखायचा. राजापुढची प्यादी हलली का, घोडा कडेला जाऊन अडकलाय का, उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडलाय का. अशी एकेचाळीस लक्षणं ताईनं काढली होती, आणि कुठल्या लक्षणाला किती वजन द्यायचं ते ठरवायला शेकडो डाव तपासले होते. शाळेचे पेपर तपासून झाले की हे तपासायचं. सात वर्षांत पाच लांबट वह्या भरल्या.

"अगं, यंत्राला चष्मा कशाला लावतेस?" खटपट्या म्हणायचा. "पाय दे त्याला पाय."

"धावत सुटतो त्याला रस्ता चुकलेला उशिरा कळतो," ती म्हणायची.

हा वाद ऐकून ऐकून टपालकाकांचे कान किटले. टपालखात्यातून निवृत्त झालेले, म्हणून टपालकाका. वाचनालयातल्या स्पर्धांचे पंच तेच, आणि नियम मोडला तर सख्ख्या भावालाही उठवतील असे. ते म्हणाले, "तोंडाची वाफ कशाला दवडता? लावा एकमेकांसमोर." ठरलं. दहा डाव. दर रविवारी दोन, असे पाच रविवार. प्रत्येक खेळीला तीन मिनिटं. "आणि यंत्रं सारखी पाहिजेत," टपालकाकांनी बजावलं. "एकाला घोडागाडी आणि एकाला मोटार, असलं चालणार नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तोच प्रोग्रॅम जलद यंत्रावर घातला की जास्त चांगला खेळतो, हे वरच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. किती चांगला, ते मात्र नेमकं कुणाला माहीत नव्हतं. लोकांना वाटतं, दुप्पट वेग म्हणजे दुप्पट ताकद. तसं काही नसतं. एका खेळीला तीसेक उत्तरं, त्या प्रत्येकाला आणखी तीसेक, असा तो पसारा वाढत जातो, त्यामुळे दुप्पट वेग दिला तरी दृष्टी जेमतेम अर्धं पाऊल पुढे सरकते. पण समोरच्यानं खणलेला खड्डा अर्धं पाऊल आधी दिसला तर माणूस पडत नाही, एवढंच.

यंत्रं जोडायची कुणी? अर्थात खटपट्यानं. ताईनं आपल्या प्रोग्रॅमची फ्लॉपी त्याच्याकडे देऊन टाकली, "तूच बसवून ठेव" म्हणाली. आता एखाद्यानं फ्लॉपी बसवून गप्प बसावं की नाही? ह्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, दोन सारखी यंत्रं शेजारी ठेवली आणि 'विचारी' आणि 'धांदल' यांचे सहा डाव लावून बघितले. तीन याचे, तीन त्याचे.

दुसरा कुणी असता तर नाचला असता. तीनदा नापास झालेल्या माणसाचा प्रोग्रॅम गणिताच्या बाईंच्या सात वर्षांच्या कामाला तुल्यबळ ठरला, आणखी काय हवं? ह्याला मात्र वेगळंच दिसलं. बरोबरी झाली की लोक म्हणणार, भाऊसुद्धा बहिणीच्या पावलावर पाऊल टाकतोय हो. चाळिशी जवळ आली तरी बहिणीचंच पाऊल. त्याला एकदाच, फक्त एकदाच, तिच्यापुढे जायचं होतं.

त्या काळच्या डब्यांच्या तोंडावर एक छोटी काच असायची आणि तिच्यात हिरवे आकडे दिसायचे. यंत्राचा वेग. बघणाऱ्याला वाटायचं, मोटारीला काटा असतो तसा हा आतला वेग मोजतोय. मोजतोय कसला, कप्पाळ. त्या काचेमागे टाचणीएवढे खांब असायचे आणि त्यांवर मुंगळ्याएवढ्या काळ्या टोप्या. कुठली टोपी कुठल्या खांबावर, त्यावरून आकडा ठरायचा. म्हणजे जोडणाऱ्याच्या मनाला येईल तो आकडा. आत काय पळतंय त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ही गोष्ट फक्त डबे उघडणाऱ्यांना ठाऊक. ताईनं आयुष्यात कधी डबा उघडला नव्हता.

खटपट्यानं ताईच्या यंत्रात तेहतीसच्या वेगाची चिप बसवली आणि समोर आकडा ठेवला तेहतीस. स्वतःच्या यंत्रात सहासष्टची चिप बसवली आणि समोर आकडा ठेवला तेहतीस. चार स्क्रू आवळले. वर आणखी एक काम केलं. 'धांदल' आपण किती शक्यता तपासल्या ते पडद्यावर खाली एका ओळीत दाखवायचा, ती ओळ त्यानं प्रोग्रॅममधून काढून टाकली. चोराच्या मनात चांदणं.

पहिल्या रविवारी टपालकाका दोन्ही डब्यांभोवती दोन फेऱ्या मारून आले. वाकून आकडे वाचले. तेहतीस, तेहतीस. मग म्हणाले, "तरी मी म्हणतो, पाच डाव झाले की यंत्रांची अदलाबदल करू. म्हणजे कुणाच्या मनात किंतु नको."

ताई हसली. "काका, यंत्रं माझ्या भावानं जोडलीत. अदलाबदल कशाला?"

झालं. टपालकाकांनी मान डोलावली. आता त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, काका म्हणतात तर करू की. अपराध कबूल करायला नको, काही नको, एक साधं वाक्य. अर्ध्या डावांत ती चिप ताईला मिळाली असती आणि फिट्टंफाट झाली असती. तो मात्र म्हणाला, "सुरू करू या?" बावीस वर्षांत हे तीन शब्द त्याच्या कानात किती वेळा वाजले असतील, त्याला तरी मोजता येतील का.

'धांदल' पहिला डाव जिंकला. दुसऱ्यात 'विचारी'नं सुंदर सापळा लावला, वरच्या खोलीतले सगळे पुढे सरकून बघायला लागले, आणि 'धांदल' त्याच्या काठावर येऊन बाजूला झाला. "अरेच्चा, दिसलं की याला," टपालकाका म्हणाले. दिसणारच. अर्धं पाऊल जास्त दिसत होतं ना त्याला. तोही डाव त्यानंच घेतला.

ताई वहीत टिपून घेत होती. मध्येच तिनं विचारलं, "अरे, तुझी ती खालची ओळ कुठे गेली?"

"काढली. उगाच वेळ खाते."

"हं, शहाणपण केलंस," ती म्हणाली आणि तेही टिपून घेतलं.

असे चार रविवार गेले. यंत्रं वाचनालयातच असायची आणि वरच्या खोलीची किल्ली खटपट्याकडे. म्हणजे मधल्या सहा दिवसांत कधीही जाऊन चार स्क्रू काढता आले असते. पहिल्या आठवड्यात त्यानं ठरवलं, दोन डाव जिंकलोय, पुरे, आता बदलू. दुसऱ्या आठवड्यात ठरवलं, पुढच्या आठवड्यात. माणूस स्वतःला उद्या-परवावर ढकलत असतो, आणि त्यात त्याची मोठी हुशारी.

आठ डावांनंतर 'धांदल'चे साडेपाच झाले, 'विचारी'चे अडीच. घरी चालत जाताना ताई म्हणाली, "मी एक ठरवलंय. दहांत माझे चार आले तर पुढे काम करीन. चार म्हणजे वाट बरोबर आहे, फक्त लांबची आहे. पण चारसुद्धा नाही आले तर माझं मुळातच चुकतंय. मग आवरतं घेते. सात वर्षं झाली रे, घरच्यांनी तरी किती सोसायचं."

ताईनं ठरवलं म्हणजे ठरवलं. लहानपणी तिनं एकदा साखर सोडली ती अजून सोडलेलीच आहे. खटपट्याला हे सगळ्यांत जास्त माहीत. म्हणजे आता आकड्यांचा खेळ उरला नव्हता. 'विचारी' जगणार की मरणार, हे त्या चार स्क्रूंवर आलं होतं, आणि हे माहीत असलेला माणूस जगात एकच.

शनिवारी दुपारी तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन वाचनालयात गेलाही. खिशात तेहतीसची चिप. दोन स्क्रू काढले. तिसऱ्याला हात घातला तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि टपालकाका दारात.

"काय रे, काय खटपट चाललीय?"

"धूळ काढतोय, काका."

"काढ काढ," म्हणून ते खुर्ची ओढून वर्तमानपत्र वाचत बसले. खटपट्यानं ब्लोअर फिरवला, दोन स्क्रू परत आवळले आणि घरी आला. तासाभरानं परत जाता आलं असतं. काका काही तिथे मुक्कामाला आले नव्हते. खोटं कशाला बोला, काका आले म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

शेवटच्या रविवारी पहिला डाव बरोबरीत सुटला, दोघांना अर्धा-अर्धा. ताईचे तीन झाले. चार व्हायला शेवटचा डाव जिंकणं भाग होतं, आणि तो डाव 'विचारी' जिंकत आला होता. दोन प्यादी जास्त, 'धांदल'चा राजा उघडा पडलेला. आणि 'धांदल'ला कुठूनसा शह सापडला. मग त्याच घरातून आणखी एक, मग आणखी एक, संपेचनात. 'विचारी'चा राजा इकडे तिकडे, इकडे तिकडे, आणि डाव बरोबरीत. तेहतीसवर तो शह 'धांदल'ला वेळेवर दिसला नसता. एक खेळी उशिरा दिसला असता आणि तेव्हा उशीर झालेला असता. हे खटपट्याला त्या क्षणी कळलं. साडेसहा आणि साडेतीन.

धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं त्याला झालं. ताई उठली आणि सगळ्यांसमोर तिनं त्याचा हात हातात घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पण ते हरल्यामुळे नव्हे. "माझं चुकत होतं," ती म्हणाली. "माझा भाऊ माझ्यापेक्षा हुशार निघाला." आणि तिला खरोखर आनंद झाला होता. तेच तर वाईट. चिडली असती, रडली असती, तर त्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. निदान त्याला तसं वाटतं.

पुढच्या आठवड्यात तिनं फ्लॉप्या पुसल्या आणि त्यांत मुलांच्या गुणांच्या याद्या भरल्या. वह्या त्याला दिल्या, "जाता जाता रद्दीत टाकशील?" त्यानं पाचही वह्या सुतळीनं बांधून स्कूटरच्या मागे लावल्या आणि रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवून आला. दुकानात 'विचारी'ची एक प्रत उरली होती, चाचणीसाठी घेतलेली. ती त्यानं स्वतः पुसली. तीन-तीनचा निकाल त्याच प्रतीनं दिला होता ना, पुरावा ठेवून कसा चालेल.

बावीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. टपालकाका गेले. हिरव्या आकड्यांचे डबे भंगारात गेले. खटपट्याचं दुकान चाललं, लग्नाला तीस वर्षं झाली, केस गेले. 'धांदल'ला त्यानं त्या दिवसानंतर हात लावला नाही, आणि लोक म्हणाले, जिंकून सोडलं, याला म्हणतात माणूस. ताई तर नव्या माणसाची ओळख करून देताना हटकून सांगायची, "हा माझा भाऊ. यानं मला हरवलंय बरं का." त्याची बायको म्हणायची, "ताई किती मानतात तुम्हाला. मी माझ्या भावाला असं हरवलं असतं तर त्यानं कधी मानलं असतं का मला." तो मान हलवून जेवत राहायचा.

सांगायचा प्रयत्न त्यानं केला नाही असं नाही. ताईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो मुद्दाम दुसऱ्या दिवशी गेला. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकलेला. तिला आपलं तोंड दिसणार नाही, हा विचार करून गेला होता, असला शूर. "ताई, एक सांगायचं होतं," एवढं म्हणेपर्यंत नर्स आली आणि थेंब घालायचेत म्हणून तिनं त्याला बाहेर काढलं. परत आत गेल्यावर ताईनं विचारलं, "काय सांगत होतास?" तो म्हणाला, "काही नाही, तुझ्या फ्रिजचा आवाज येतोय, बघतो एकदा." आणि खरंच जाऊन फ्रिज दुरुस्त करून आला.

मग परवाची गोष्ट. ताई आता त्रेसष्ट वर्षांची, निवृत्त. तिच्या लॅपटॉपचा पंखा घरघरत होता म्हणून खटपट्या दुपारी तिच्याकडे गेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उलटा करून त्यानं पोट उघडलं. ताई समोर बसून मासिक वाचत होती. वाचता वाचता ती थांबली आणि हसली.

"ऐक रे. बुद्धिबळाचे नवे प्रोग्रॅम आलेत. म्हणे आधीच्यांपेक्षा कितीतरी कमी शक्यता बघतात, पण पट नीट ओळखतात. आणि नुसत्या धावणाऱ्यांना हरवतात." तिनं चष्मा काढला. "बघ. माझीच कल्पना. फक्त माझ्याच्यानं झाली नाही. असू दे, कुणाच्या तरी हातून झाली ना."

असूया नाही, खंत नाही, अगदी साधं बोलली. खटपट्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तिथेच थांबला. आतापर्यंत त्याला वाटायचं, आपण एक स्पर्धा चोरली. त्या दुपारी त्याला कळलं की आपण तिला एक खोटी गोष्ट शिकवली आणि ती बावीस वर्षं तिनं पाठ केली.

"ताई, माझं यंत्र तेहतीसचं नव्हतं."

"कुठलं यंत्र?"

"स्पर्धेतलं. आत सहासष्टची चिप होती. बाहेरचा आकडा मी खोटा लावला होता. तुझं तेहतीसचं आणि माझं सहासष्टचं."

ताईनं मासिक मिटलं. त्याला वाटलं, आता उठेल, आता थोबाडीत देईल, आणि दिली तर किती बरं होईल. पण ती गणिताची बाई. तिनं विचारलं, "सगळे दहा डाव?"

"सगळे दहा."

"बरोबर दुप्पट?"

"दुप्पट."

तिनं मासिक परत उघडून कडेला पेन्सिलनं काहीतरी मांडलं. खोडलं, परत मांडलं. "दोघे बरोबरीचे असतील आणि एकाला दुप्पट वेग दिला," ती जणू फळ्यासमोर उभी राहून बोलत होती, "तर त्याला दहांत सहा मिळावेत. तुला साडेसहा मिळाले. म्हणजे वेग काढून घेतला तर आपण पाच-पाच. फार तर साडेपाच-साडेचार."

"तीन-तीन," खटपट्या म्हणाला. आता काही ठेवायचंच नव्हतं. "मी आधी दुकानात लावून बघितलं होतं. सारख्या यंत्रांवर. तीन तुझे, तीन माझे."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"चारची गोष्ट मी तुला सांगितली, तेव्हाही माहीत होतं."

"हो."

तिनं पेन्सिल मासिकावर ठेवली. खटपट्यानं आरशासमोर, रिकाम्या दुकानात हजारदा पाठ केलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही तोंडातून बाहेर येईना. शेवटी म्हणाला, "ताई, मला शिव्या दे."

"शिव्या देऊन काय होणार आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुझ्याशी मी हरलेही असते रे. साडेचारनं हरले असते. साडेचारनं हरलेलं माणूस घरी जातं आणि वही उघडतं. साडेतीननं हरलेलं वही देऊन टाकतं. एवढाच फरक."

त्याच्यानं वर बघवेना. टेबलावर लॅपटॉपचा पंखा सुटा पडला होता आणि तो उगाच त्याच्या पात्यांवरची धूळ बोटानं पुसत राहिला. लाज वाटायला लागून बावीस वर्षं झाली होती, पण आजची लाज नवी होती. आजवर ती पकडले जाण्याच्या भीतीत मिसळलेली असायची. आता भीती गेली आणि नुसती लाज उरली.

ताई बोटं मोजायला लागली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. त्याला आधी वाटलं, वर्षं मोजतेय. मग शब्द ऐकू यायला लागले. राजापुढची प्यादी. कडेचा घोडा. कोंडलेला उंट. मोकळ्या रांगेतला हत्ती. एकटं पडलेलं प्यादं. बारा झाली, तेरा झाली. सोळाव्याला जरा अडखळली. सतराव्यावर थांबली आणि अंगठा तसाच धरून तिनं वर बघितलं.

"अठरावं काय होतं रे?"

"ताई, मी त्या वह्या उघडल्याच नव्हत्या," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली आणि पहिल्या बोटापासून परत मोजायला सुरुवात केली.